कुटुंबाच्या पानावर कोणाचं नाव लिहायचं?

पत्र

ताई, सलाम. माझं वय ३६, लग्नाला ११ वर्षं झाली. सासर नगर जिल्ह्यात, आम्ही दोघं नोकरीमुळे पुण्यात. मूल नाही. दोनदा आयव्हीएफ करून झालं. दोष ह्यांच्यात आहे, पण ते घरी कोणालाच माहीत नाही. कोणाला सांगायचं नाही, असं ह्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. सासूबाई प्रत्येक प्रार्थनासभेत माझं नाव घेऊन प्रार्थना करायला लावतात. म्हणतात, 'अब्राहामाच्या सारेला नव्वदाव्या वर्षी मूल झालं, तुझाच विश्वास कमी पडतोय.' आता आम्ही दत्तक घ्यायचं ठरवत आहोत, तर त्यांनी बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक काढून दाखवलं. 'अलियेजर तुझा वारस होणार नाही, पोटचाच होईल, असं देवानेच अब्राहामाला सांगितलंय.' वर, घ्यायचंच तर मुलगा घ्या, म्हणतात. शेजारच्या काकूंचं म्हणणं, दत्तक आणलं की स्वतःचंही होतं. सासरी ह्यांच्या पणजोबांपासूनचं शास्त्र, म्हणजे बायबल आहे. त्यात जन्म, विवाह, मृत्यू लिहायचं कुटुंबाचं पान आहे. शेवटची जन्माची नोंद ह्यांची. सासूबाई म्हणाल्या, 'या पानावर बाहेरचं नाव मी लिहू देणार नाही.' मला त्यांच्याशी भांडायचं नाही. शास्त्र खरंच असं म्हणतं का, एवढंच सांगा.

उत्तर

नाही, शास्त्र असं म्हणत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू जीव मुठीत धरून वाचणार नाहीस.

पण सासूबाईंनी ते वचन स्वतःच्या मनाने रचलेलं नाही. ते उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात आहे, आणि त्यांनी सांगितलं तसंच आहे. फक्त त्या चौथ्या वचनापाशी येऊन थांबल्या. आपण तो अध्याय पहिल्यापासून वाचू या.

'अब्रामा, भिऊ नकोस, मी तुझी ढाल आहे,' असं देव अब्राहामाला म्हणतो. तेव्हा त्याचं नाव अब्राम होतं. यावर अब्राम काही स्तुती करत नाही. तो म्हणतो, 'प्रभू, तू मला देणार तरी काय? मी तर निपुत्रिकच चाललो, आणि माझ्या घराचा धनी व्हायचा तो दिमिष्कचा अलियेजर.' त्या 'चाललो'मध्ये या जगातून चाललो, असाही अर्थ बरेच जण वाचतात. मग आणखी पुढे जाऊन तो देवाच्या तोंडावर म्हणतो, 'तू मला संतान दिलं नाहीस.' हारान सोडताना तो ७५ वर्षांचा होता. मोठं राष्ट्र करीन हे अभिवचन तेव्हाच मिळालेलं, आणि घरात पाळणा नव्हता. एवढं ऐकून देव त्याला 'तुझा विश्वास कमी पडतोय' म्हणत नाही. त्याला बाहेर नेतो आणि तारे दाखवतो. मोजता आले तर मोज, म्हणतो. अब्रामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे प्रसिद्ध वचन याच अध्यायात आहे, या तक्रारीनंतर लगेच. एकाच माणसाच्या तोंडून एकाच रात्री दोन्ही निघालं, हे तुझ्या घरी कोणी वाचलेलं दिसत नाही.

आता अलियेजर. हा कोणी पाळण्यातला पोर नव्हे, अब्रामाने मांडीवर वाढवलेलं लेकरू नव्हे. तो घरचा माणूस, चाकरवर्गातला. त्याच्यासाठी वापरलेला हिब्रू शब्दप्रयोग इतका अवघड आहे की भाषांतरकार आजही तिथे अडखळतात. त्या काळी निपुत्रिक माणसं काय व्यवस्था करत, त्याची थोडी कल्पना आपल्याला नुझीवरून येते. आजच्या इराकमध्ये किर्कुकजवळ हे जुनं नगर होतं. १९२५ ते १९३१ या काळात तिथे उत्खनन झालं आणि मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांत दत्तकाचे करारही आहेत. मूल नसलेला माणूस कोणाला तरी मुलगा करून घेतो, त्याने म्हातारपणी सांभाळायचं, मेल्यावर शोक करायचा, आणि त्याबद्दल मालमत्ता घ्यायची. नुझीच्या पाट्या अब्राहामाच्या काळानंतरच्या मानल्या जातात, आणि पूर्वीचे अभ्यासक जितक्या उत्साहाने दोन्हींची सांगड घालत तितकी आता कोणी घालत नाही. पण अब्रामाच्या तोंडचा 'घराचा धनी होणारा' माणूस कसा असू शकेल, ते त्यावरून कळतं. ती शेतीवाडी आणि म्हातारपणाची तजवीज होती. देवाने ती तजवीज बाजूला सारली, कारण अब्रामाला दिलेलं अभिवचन अजून संपलेलं नव्हतं. अनाथ लेकराला पोटाशी धरण्याचा विषय त्या संभाषणात कुठेच नाही.

आणि हे अभिवचन एका माणसाला दिलेलं आहे. जगातल्या प्रत्येक जोडप्याला दिलेली ती हमी नाही. यिर्मया संदेष्ट्याला तर देवानेच बजावलं की लग्न करू नकोस, तुला इथे मुलगे नकोत, मुली नकोत. यिर्मयाच्या पुस्तकात १६व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. यिर्मयाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

उत्पत्तीच्या त्याच १५व्या अध्यायात पुढे जे घडतं, ते मला सगळ्यांत जवळचं वाटतं. आपण जुना करार, नवा करार म्हणतो, पण करार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भाडेकरारच येतो. स्टँप पेपर, दोन बाजू, दोघांच्या सह्या, एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. हिब्रूत कराराला 'बेरीत' म्हणतात, आणि तिथे करार 'कापतात'. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची बकरी, तीन वर्षांचा एडका, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू. जनावरं मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर मांडायचे, आणि करार करणाऱ्याने त्यांच्यामधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात याचाच उल्लेख आहे. अब्रामाने सगळं मांडलं. मांसावर हिंस्र पक्षी झडप घालायला लागले, ते हुसकावत बसला. सूर्य मावळू लागला तशी त्याला गाढ झोप लागली, भयंकर काळोख त्याच्यावर आला. मग धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. अब्राम गेला नाही. त्याला जायला सांगितलंच नव्हतं.

म्हणजे त्या रात्री शब्दात अडकून घेतलं ते फक्त देवाने. माणसाच्या बाजूने जे चिन्ह आहे, सुंतेचं, ते पुढे उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात येतं. ज्या कराराचा आधार घेऊन तुला तुझ्या विश्वासाचं माप काढून दाखवतात, तो करार झाला तेव्हा विश्वास ठेवणारा माणूस झोपलेला होता. हे एकदा तू तुझ्या तोंडाने सासूबाईंना वाचून दाखव. सुनावून नव्हे, शेजारी बसून.

त्या 'ढाल' शब्दाला हिब्रूत 'मागेन' म्हणतात. कधी अलिबागला गेलीस तर इस्रायल आळीत जाऊन ये. बेने इस्रायलांच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्या ज्यू लोकांच्या तिथल्या सिनेगॉगचं नाव 'मागेन आबोथ' आहे, पूर्वजांची ढाल. ज्यू लोकांचं नवं वर्ष, रोश हशाना, सुरू होतं तेव्हा पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये काय वाचतात, ठाऊक आहे? सारेला मूल झालं तो उत्पत्तीचा २१वा अध्याय, आणि त्याला जोडून मुलासाठी रडून प्रार्थना करणाऱ्या हन्नाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला नेतो ती मोरियाच्या डोंगराची गोष्ट, आणि तिच्यासोबत यिर्मयातला तो भाग, ज्यात राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि कोणी समजूत घातली तरी ऐकत नाही. वर्षाची सुरुवात या बायकांच्या आठवणीने होते. त्यांची नावं उदाहरण म्हणून कोणाच्या अंगावर फेकायला ठेवलेली नाहीत.

सारेबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण तिचंच नाव तुला रोज ऐकवतात. अभिवचन अब्रामाला मिळालं तेव्हा त्यात तिचं नाव नव्हतं. १५व्या अध्यायातही 'तुझ्या पोटचा' एवढंच आहे. कनानात येऊन दहा वर्षं झाली तेव्हा तिने मुलासाठी आपली दासी हागार हिला अब्रामापुढे केलं, ते पाहून आपण लगेच म्हणतो की तिला धीर धरवला नाही. पण तिच्या पोटी होईल असं तोवर कोणी म्हटलेलंच नव्हतं! ते पहिल्यांदा म्हटलं गेलं १७व्या अध्यायात, अब्राहाम ९९ वर्षांचा असताना. हारान सोडून २४ वर्षं झाली होती. ऐकल्यावर अब्राहाम पालथा पडला आणि हसला. 'हागारेपासून झालेला इश्माएलच तुझ्यासमोर जगो म्हणजे झालं,' अशा अर्थाचं म्हणाला. सारा हसली ती त्याच्यानंतर, मम्रेच्या झाडांपाशी, तंबूच्या दाराआड. पण तिचं हसणं सगळ्यांना पाठ आहे आणि त्याचं कोणाला आठवत नाही. विचारल्यावर ती घाबरून 'मी नाही हसले' म्हणाली. खोटं बोलली. तरीही मूल झालं, आणि त्याचं नाव ठेवलं इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. इब्री लोकांस पत्रात सारेच्या विश्वासाचा गौरव आहे. सासूबाई तो दाखवतील, दाखवू देत. पण त्या लेकराच्या नावात आईबापांचं अविश्वासाचं हसू कायमचं लिहून ठेवलंय, हेही तितकंच खरं आहे. मूल म्हणजे विश्वासाची मजुरी, असा हिशेब सारेच्याही घरात बसत नाही.

मी हे तळमळीने लिहितेय त्याला कारण आहे. तरुणपणी भगिनी मंडळात एका बाईला मी स्वतः म्हटलं होतं, 'हन्नासारखी प्रार्थना करा.' चांगल्या मनाने म्हटलं होतं. ती मान खाली घालून 'हो' म्हणाली आणि पुढच्या रविवारपासून मंडळीत यायची थांबली. मी तिच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. हन्नाची गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की तिथेही याजक एलीने तिला आधी दारू प्यालेली समजून झापलंय. पण एलीने निदान तिचं ऐकून घेतल्यावर शब्द फिरवले.

आता तुझ्या यजमानांविषयी. पत्रात हे एकच वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे गेलीस, पण मला सगळ्यांत जड तेच वाटलं.

अकरा वर्षं तू दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन प्रार्थनासभेत बसते आहेस. लोक डोळे मिटून तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालतात आणि ज्याला ठाऊक आहे तो शेजारी बसून 'आमेन' म्हणतो. मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. आपल्या गावांत पुरुषाला ही गोष्ट उच्चारणं किती अवघड जातं, ते मी पाहिलंय. पण शास्त्राला हा प्रकार अनोळखी नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात आशीर्वाद देताना म्हटलंय की तुमच्यात कोणी वांझ पुरुष किंवा वांझ स्त्री असणार नाही. पुरुषाचं नाव आधी आहे. हिब्रूत तो शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असा दोन्ही रूपांत शेजारी शेजारी येतो. मराठीत आपण तो फक्त बाईसाठी राखून ठेवला.

आणि इसहाक बघ. ज्याच्यासाठी एवढी वाट पाहिली, त्याच्याच घरी ४०व्या वर्षी लग्न झाल्यावर २० वर्षं मूल नव्हतं. उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात लिहिलंय की त्याची बायको रिबका वांझ होती म्हणून इसहाकाने तिच्यासाठी परमेश्वराची विनवणी केली. तिला कोणाच्या तोंडी दिलं नाही, स्वतः उभा राहिला. तिथला हिब्रू शब्द 'समोर' असाही वाचता येतो, तिच्या समोर उभं राहून. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यावरून म्हटलं की दोष एकटीत नव्हता, इसहाकही वांझ होता. दीड हजार वर्षांपूर्वीचे पुरुष आपल्या पूर्वजाबद्दल हे लिहायला कचरले नाहीत. उलट इसहाकाचा मुलगा याकोब बघ. 'मला मुलं दे, नाहीतर मी मरते,' असं त्याची बायको राहेल म्हणाली तर तो तिच्यावरच भडकला, 'मी काय देवाच्या ठिकाणी आहे?' हन्नाचा नवरा एलकाना त्याच्याहून मायाळू. 'मी तुला दहा मुलांपेक्षा बरा नाही का?' म्हणाला. पण त्याची दुसरी बायको पनिन्ना हन्नाला वर्षानुवर्षं टोचत राहिली, तिला त्याने एका शब्दाने थांबवल्याचं शास्त्रात नाही.

तू दिलेला शब्द त्यांच्या मागे मोडू नकोस. तो आजार त्यांचा आहे आणि सांगायचा हक्कही त्यांचाच. पण हे आता मला एकटीला पेलत नाही, हे मात्र त्यांना स्पष्ट सांग. त्यांनी आईला रिपोर्ट वाचून दाखवायची गरज नाही. 'आई, दोष तिच्यात नाही. यापुढे सभेत तिचं नाव घेऊ नकोस,' एवढी दोन वाक्यं पुरेत, आणि ती त्यांच्याच तोंडून यायला हवीत. तुझ्या नव्हे. एकट्याने जमत नसेल तर ज्या पाळकांवर त्यांचा विश्वास आहे त्यांना सोबत घ्यावं, नाहीतर समुपदेशकाकडे दोघांनी जावं. आणि हे दत्तकाचा अर्ज करायच्या आधी व्हावं, असं मला मनापासून वाटतं. अर्ज केल्यावर सामाजिक कार्यकर्ती घरी येते, दोघांशी बोलते, घरातल्यांचं मत विचारते. येणाऱ्या लेकराने असल्या दडवलेल्या गोष्टीवर पाय ठेवून घरात येऊ नये.

काकूंचं ऐकू नकोस. यात तडजोड नाही. 'दत्तक आणलं की स्वतःचंही होतं' म्हणून जे मूल आणतात, ते लेकरू म्हणून आणत नाहीत, नवसाचा नारळ म्हणून आणतात. हागारेचं हेच झालं. मालकिणीची गरज भागवायला तिला वापरलं, ती गरोदर राहिल्यावर छळलं. तेराव्या शतकातल्या रामबान या मोठ्या ज्यू भाष्यकाराने इथे सरळ लिहिलंय की आपल्या आईने, सारेने, या छळात पाप केलं, आणि ते होऊ देणाऱ्या अब्राहामानेही. पुढे इसहाक झाल्यावर भाकरी आणि पाण्याची एक पखाल देऊन तिला पोरासकट रानात पाठवलं. पाणी संपलं तेव्हा देवाने ऐकला तो त्याच पोराचा आवाज. इश्माएल म्हणजेच 'देव ऐकतो'. त्या बाईने तर पहिल्या वेळी पळून गेली असताना देवालाच नाव दिलं होतं, 'मला पाहणारा देव'. तेव्हा स्वतःला हे एकदा विचार. उद्या खरंच तुझ्या पोटी इसहाक आला, तरी आधी आलेलं मूल थोरलंच राहील ना? उत्तर विचार न करता 'हो' असेल, तर तू तयार आहेस.

मुलगाच हवा, हे सासूबाईंचं म्हणणं. त्यांना गणना पुस्तकाचा २७वा अध्याय उघडून दे. सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव त्याच्या कुळातून का पुसावं?' मोशेने निकाल स्वतः दिला नाही, देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. पुढे ३६व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट आली, तीही लपवायला नको. पण बापाचं नाव मुली चालवू शकतात, हे मोशेच्या काळातच ठरून गेलं.

तुझ्या मूळ प्रश्नाला मला द्यावंसं वाटतं ते वचन मात्र यशयाच्या ५६व्या अध्यायात आहे. नियमशास्त्राप्रमाणे ज्यांना मंडळीत पाऊल ठेवायची मुभा नव्हती, ज्यांना मूल होणं शक्यच नव्हतं, अशा माणसांना देव तिथे उद्देशून बोलतो. मी वाळलेलं झाड आहे असं त्यांनी म्हणू नये, म्हणतो. जे माझा करार धरून राहतात त्यांना मी माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलगे आणि मुली यांहून चांगलं स्मारक आणि नाव देईन, कधी न पुसलं जाणारं. तुझ्या यजमानांना हे दाखव. 'मूल देईन' असं तिथे देव म्हणत नाही. मूल नसलेल्या माणसाला तो मूल देऊन गप्प बसवत नाही, त्याला आपल्या घरात जागा देतो. 'स्मारक आणि नाव' यासाठीचे हिब्रू शब्द आहेत 'याद वाशेम'. यहुद्यांच्या संहारात मेलेल्यांसाठी जेरुसलेममध्ये १९५३ साली जी संस्था उभी राहिली, तिचं नाव या वचनातूनच घेतलंय. ज्यांच्यामागे नाव घेणारं कोणी उरलं नाही, त्यांची नावं तिथे एक एक करून गोळा करतात.

कायद्याचंही सांगते, कारण अनेक ख्रिस्ती घरांत जुनी समजूत अजून आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता आहे. आपल्याला पूर्वी १८९०च्या कायद्याखाली फक्त 'पालक' होता यायचं. मूल वाढवायचं, पण कागदावर आईबाप नाही. आता तसं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात धर्माची अट नाही, आणि दत्तक आदेश झाला की ते मूल सगळ्या बाबतींत तुमच्या पोटी जन्मल्यासारखंच मानलं जातं, मृत्युपत्र नसेल तर वारसा हक्कातही. नोंदणी 'कारा' या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर होते, दोघांची संमती लागते, आणि शेवटचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. मधल्या कोणी 'ओळखीने लवकर करून देतो' म्हटलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. म्हणजे सासूबाईंनी वारस हा शब्द काढला तर सरकारच्या लेखी त्याचं उत्तर झालेलं आहे.

राहिलं ते पान.

सासूबाईंना मी कठोर समजत नाही. ज्या घरात पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, भावकी तोडली आणि पहिलं नाव स्वतःच्या हाताने त्या पानावर लिहिलं, त्या घरात ते पान म्हणजे सातबारा असतो. खाली रिकाम्या ओळी बघून त्यांच्या पोटात कालवत असेल. तू त्यांना म्हण, 'आई, पानावर लिहायच्या आधी आपण दोघी एक भाग वाचू.' आणि उत्पत्तीचा ४८वा अध्याय काढ. म्हातारा याकोब मिसरात अंथरुणावर उठून बसतो आणि आपला मुलगा योसेफ याला म्हणतो, मिसर देशात तुला झालेले एफ्राइम आणि मनश्शे हे माझे आहेत, रऊबेन आणि शिमोन माझे तसेच. त्याच्या पोटचे नव्हते, मिसरी आईच्या पोटी परदेशात जन्मलेले. तरी इस्राएलाच्या वंशांत दोन नावं त्यांची लागली. याकोबाचंच दुसरं नाव इस्राएल, आणि करार ज्याच्या नावाने चालला त्या माणसाने स्वतः हे केलंय. वेळ असेल तर रूथचा शेवटचा अध्यायही वाचा. बाळ रूथचं होतं. शेजारणींनी ते तिची सासू नामी हिच्या मांडीवर बघून म्हटलं, 'नामीला मुलगा झाला,' आणि त्याचं नावही त्याच बायकांनी ठेवलं. तो ओबेद, दावीदाचा आजोबा.

एवढं करूनही त्या 'नाही' म्हणाल्या, तर ते शास्त्र त्यांच्या कपाटात राहू दे. ओढाताण करू नका. तुम्ही दोघं नवं घ्या, कुटुंबाचं पान असलेलं, आणि पहिली ओळ तुमच्या लग्नाची लिहा. पण मला वाटतं त्या हो म्हणतील, कदाचित मूल घरी आल्यावर. त्या दिवशी पेन त्यांच्याच हातात दे. नोंद जन्माच्याच रकान्यात करायची. जन्मतारीख जी असेल ती, आणि तिच्या शेजारी ते घरी आलं ती तारीख. दोन्ही तारखा लिही, म्हणजे ते मोठं झाल्यावर स्वतः पान उघडून बघेल तेव्हा त्याला कोणाला काही विचारायला लागणार नाही.